कुड्याची साल हगवणीवर किती चालते? वनस्पतीच्या अर्काची चाचणी, पायरीपायरीने

पावसाळा लागला की नागपुरात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात. महाविद्यालयांतून प्रकल्पांचे विषय ठरायची वेळही साधारण तीच. एम.फार्म., वनस्पतीशास्त्रातलं एम.एस्सी., आयुर्वेदातलं पदव्युत्तर, सगळीकडून "पोटाच्या विकारांवर अमुक वनस्पतीच्या अर्काचा अभ्यास" अशा नावाचे प्रस्ताव येतात. अशा कामात मुलांची उमेद मोठी असते, वेळ आणि पैसाही बराच जातो. म्हणून हे काम सुरुवातीपासून नीट कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण म्हणून कुड्याची साल घेतली आहे. आपल्या विदर्भातल्या जंगलात ती मिळते, हगवणीवर तिचा वापर फार जुना आहे, आणि या कामातले बहुतेक सगळे अडथळे तिच्यात भेटतात.

आधी दावा नेमका करा

"पोटाचे विकार" ही एक तक्रार नव्हे. आम्लपित्त, गॅस, मुरडा, हगवण, आव, बद्धकोष्ठ यांची कारणं वेगळी, म्हणून चाचण्याही वेगळ्या. बेलाचंच बघा. कच्च्या बेलफळाचा गर हगवण थांबवायला देतात आणि पिकलेल्या बेलाचं सरबत पोट साफ व्हायला. फळ तेच, पण नुसतं "बेलाचा अर्क पोटावर गुणकारी" असं लिहिलं तर त्याला काही अर्थ उरत नाही.

तेव्हा पहिलं काम कागदावरचं. लोक कुठला भाग वापरतात, कोणत्या तक्रारीवर, कशात मिसळून आणि किती, हे एका वाक्यात लिहा. कुड्यासाठी ते वाक्य असं होईल: "खोडाच्या सालीचा काढा, किंवा ताकातून साल, हगवणीवर आणि आवेवर, प्रौढाला." या वाक्यात दोन दावे आहेत. हगवण म्हणजे पातळ जुलाब. आव म्हणजे शेंब आणि रक्त पडणं, त्यामागे बहुतेक वेळा शिगेला हा जीवाणू किंवा अमीबा. पहिल्याची चाचणी आतड्याच्या हालचालीवर आणि स्रावावर होते, दुसऱ्याची जंतूंवर. पदव्युत्तरच्या वेळापत्रकात दोन्ही नीट होणं कठीण. मी एकच निवडायला सांगतो.

तक्रार बदलली तर वाटही बदलते. ज्येष्ठमध किंवा आवळा आम्लपित्तासाठी तपासायचा असेल, तर आम्ल उदासीन करण्याची क्षमता मोजण्यापासून सुरुवात करा: अर्क ठरावीक हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळायचा आणि उरलेलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने ३.५ सामू येईपर्यंत मोजायचं. खर्च किरकोळ आणि प्राणी लागत नाहीत. ओवा किंवा मुरुडशेंग मुरड्यासाठी असेल, तर आतड्याचा तुकडा टायरोड द्रावणात (त्याला जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) ३७ अंशांवर ठेवून ॲसिटिलकोलीन या आतडं आवळणाऱ्या रसायनामुळे येणारं आकुंचन अर्क किती कमी करतो ते पाहतात.

साल आणताना

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बिघडतात, आणि ते शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

कुडा नावाने दोन झाडं ओळखली जातात. पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना, औषधात तोच हवा. काळा कुडा म्हणजे राइटिया. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात, पान तोडलं की दोन्हींतून चीक येतो. बाजारात यांची सर्रास सरमिसळ होते. कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव हा फरकही याच दोन झाडांच्या बियांचा: कडू होलऱ्हेनाचे, गोड राइटियाचे.

फुलांच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत, फरक झाडावरच दिसतो. राइटियाच्या फुलात मध्यभागी झालरीसारखा वेगळा भाग असतो, होलऱ्हेनाचं फूल साधं. राइटियाची पानं वाळताना काळी पडतात. आणि चव. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात "कुडा साल" मागितली की पोत्यातून तांबूस-तपकिरी, आत वळलेले तुकडे काढून देतात. नखाएवढा तुकडा तोडून दाढेखाली धरा. खरी साल चावल्याबरोबर जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागते आणि तो कडूपणा पाणी प्यायल्यावरही बराच वेळ जात नाही. नुसती तुरट लागली, कडवटपणा आलाच नाही किंवा लगेच गेला, तर ते पोतं सोडून द्या. चघळून थुंकायचं, गिळायचं नाही. दुकानदाराला सरळ विचारा, "काका, माल कुठचा?" ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून संशोधनासाठी माल घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. बाजारातली साल सरावाला ठीक, प्रबंधाला नको. झाड स्वतः पाहून साल घ्या. रामटेकच्या टेकड्या, पेंचच्या आजूबाजूचा मुलूख, गडचिरोली, मेळघाट, या सगळ्या पट्ट्यात कुडा आहे. पण अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात हात लावायचा नाही, आणि राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय जायचं नाही. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय नागपुरातच आहे, राज्य जैवविविधता मंडळाचंही. इतर जिल्ह्यांतल्या मुलांना ज्यासाठी प्रवास करावा लागतो ते तुम्हाला सिव्हिल लाइन्समध्ये मिळतं. मंडळात जाऊन आपल्या कामाला २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली काय लागू होतं ते आधीच विचारून घ्या. पुढे पेटंटचा विचार असेल तर हे टाळताच येणार नाही. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेली गावं आहेत, मेंढा-लेखाला तो २००९ मध्येच मिळाला. अशा ठिकाणी ग्रामसभेला विचारल्याशिवाय साल काढणं चूकच. विचारलं तर कोणत्या बाजूला जुनी झाडं आहेत हेही तेच लोक दाखवतात.

साल फांदीच्या एका बाजूने, लांबट पट्टीत काढा. खोडाभोवती गोल काढली तर झाड मरतं.

त्याच झाडाची पानं-फुलं-शेंगा असलेली फांदी दाबून वाळवा. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात वनस्पतीशास्त्र विभाग आहे. तिथे किंवा दुसऱ्या मान्य हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ती फांदी देऊन ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक मिळवा. नुसत्या सालीवरून ओळखपत्र मागू नका. जाणकार माणूस ते देणार नाही आणि देऊही नये.

वाळवणं, दळणं, तपासणं

साल सावलीत वाळवायची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा गच्चीवर पसरली की दिवसभरात खडखडीत होईल, पण ते करू नका. पंख्याखाली, हवेशीर खोलीत, पातळ थर. मग जाडसर भरड करा. फार बारीक पूड अर्क काढताना गच्च बसते आणि द्रावक आत जात नाही.

भरडीची प्राथमिक तपासणी करा: १०५ अंशांवर वाळवून वजनातली घट, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख, पाण्यात आणि अल्कोहोलात उतरणारा अंश. आयुर्वेदिक फार्माकोपियात कुड्याच्या सालीसाठी मर्यादा दिलेल्या आहेत, आपले आकडे त्यांच्याशेजारी मांडा. आम्लात न विरघळणारी राख जास्त आली तर मालात माती-वाळू आहे.

अर्क

बहुतेक प्रबंधांत मिथेनॉलचा अर्क असतो. सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) तो सोपा पडतो आणि भरपूर उतरतो. पण गावात कोणी मिथेनॉल पीत नाही. तुमचा दावा काढ्याचा आहे, तर पाण्याचा अर्क केलाच पाहिजे. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरांचं प्रमाण घ्या: एका भागाला सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर. गाळून, कमी तापमानावर आटवून कोरडा करा. सोबत ७० टक्के इथेनॉलचा दुसरा अर्क ठेवा. कोनेसिन हे कुड्याचं मुख्य अल्कलॉइड आहे आणि पाणी-अल्कोहोलाच्या मिश्रणात अल्कलॉइडं चांगली उतरतात. मग दोन्ही अर्कांची तुलना करता येते, आणि त्या तुलनेतून खरी माहिती मिळते.

नागपूरच्या उन्हाळ्यात सॉक्सलेट लावणाऱ्यांसाठी एक सूचना. मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं गरम येतं की कंडेन्सर वाफ पुरती थंड करत नाही आणि वास साऱ्या लॅबमध्ये पसरतो. बर्फ टाकलेल्या टबात छोटा पंप सोडून तेच पाणी फिरवा, आणि द्रावक ज्वलनशील आहे हे विसरू नका. पावसाळ्यात उलटी अडचण: कोरडा अर्क तासाभरात ओलसर चिकट होतो. वजन करून लगेच डेसिकेटरमध्ये.

उतारा टक्क्यांत लिहा: अर्काचं वजन भागिले भरडीचं वजन, गुणिले १००. पुढे मात्रा काढायला हाच आकडा लागतो.

मग पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. सिलिका जेलची पट्टी, टोल्यूइन आणि इथाइल ॲसिटेटमध्ये थोडं डायइथाइल अमाइन, शेजारी शुद्ध कोनेसिनचा ठिपका. ड्रॅगनडॉर्फ हे रसायन फवारल्यावर अल्कलॉइडांचे ठिपके नारिंगी होतात. या पट्टीचा फोटो जपून ठेवा. दुसऱ्या कोणी हेच काम पुन्हा केलं, तर त्याचा आणि तुमचा अर्क एकच होता का हे या पट्टीवरून कळेल.

जंतूंवरची चाचणी, आणि टॅनिनचा घोटाळा

आवेचा दावा निवडला असेल तर इकडे. जंतू वाढवायला म्यूलर-हिंटन आगर, जंतूंच्या द्रावणाला ०.५ मॅकफार्लंड इतकी गढूळता, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी जीवाणू. तुलनेला सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, आणि ज्यात अर्क विरघळवला ते नुसतं द्रावकही. डीएमएसओ हे नेहमीचं द्रावक जास्त झालं तर ते स्वतःच जंतूंना रोखतं, म्हणून शेवटचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास ठेवा. ई. कोलायचा प्रमाणित वाण सहज मिळतो. शिगेला आपल्या साध्या लॅबमध्ये हाताळू नका. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी रीतसर जोडून घ्या, त्यांच्याकडे दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीची सोय असते.

अर्काभोवती आगरमध्ये जंतू न वाढलेला जो गोल दिसतो, त्याचा व्यास पाहून हुरळून जाऊ नका. गोल किती मोठा होईल हे अर्क आगरमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असतं. किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, काढा, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, रेझाझुरिन हा रंग टाकून: निळा राहिला तर वाढ थांबली, गुलाबी झाला तर जंतू जिवंत. आणि सालीत टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं, त्यामुळे जवळजवळ कोणतीही तुरट साल प्लेटवर "जंतुनाशक" दिसू शकते. अर्कातलं टॅनिन पीव्हीपीपीने (टॅनिन शोषून घेणारी न विरघळणारी पूड) काढून टाका आणि चाचणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला, तर तुम्ही कुड्याचा नव्हे, टॅनिनचा गुण मोजला होता. ही एक जास्तीची फेरी फार थोडे जण करतात. परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही केलेली बरी.

प्राण्यांवरचं काम: आधी परवानगी, मग आकडेमोड

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात पडेपर्यंत एकाही प्राण्याला हात लावायचा नाही. देशपातळीवरची समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए. अर्ज 'फॉर्म बी'त. संस्थेतली समिती वर्षातून मोजक्याच वेळा बसते, तेव्हा अर्क तयार व्हायची वाट पाहू नका. झाड ओळखून झालं की अर्ज टाका. किती प्राणी लागतील याचं कारण लिहावं लागतं. "इतरांनी सहा घेतले म्हणून सहा" हे कारण नाही. अपेक्षित फरक आणि विचलन धरून संख्या काढा.

सुरक्षिततेची चाचणी ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार: एका टप्प्यात तीन प्राणी, शक्यतो माद्या, वनस्पतीच्या अर्कासाठी बहुधा किलोला २००० मिलिग्रॅमपासून सुरुवात, पहिले चार तास बारीक लक्ष, मग १४ दिवस निरीक्षण. कुड्याच्या बाबतीत ही औपचारिकता नाही. कोनेसिन एकेकाळी अमीबाजन्य आवेवर दिलं जायचं आणि मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांमुळे मागे पडलं. तेव्हा उंदीर सुस्त झाला का, थरथरतो का, हे नोंदवत राहा.

मात्रा कुठून काढायची? शेकडो प्रबंधांत किलोमागे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं आणि का ते कोणी सांगत नाही. हिशेब सोपा आहे. समजा प्रौढ माणूस दिवसाला २० ग्रॅम सालीचा काढा घेतो आणि तुमचा उतारा १० टक्के आहे. म्हणजे २ ग्रॅम अर्क. ६० किलोच्या माणसाला किलोमागे सुमारे ३३ मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाची मात्रा माइससाठी (लहान उंदीर) १२.३ ने गुणतात, रॅटसाठी (मोठे उंदीर) ६.२ ने. ३३ गुणिले १२.३ म्हणजे ४१० च्या आसपास. मग माइसमध्ये २००, ४०० आणि ८०० घ्या. मधली मात्रा लोक प्रत्यक्षात घेतात तेवढी होते. ८०० वरच गुण दिसला, तर काढ्याच्या नेहमीच्या मात्रेत तो मिळेलच असं म्हणता येत नाही, आणि निष्कर्षात तसं लिहावं.

एरंडेलाची चाचणी

हगवणीसाठी सगळ्यात रुळलेली पद्धत एरंडेलाची. एरंडेल आतड्यात फुटलं की रिसिनोलेइक आम्ल सुटतं. ते पेशींवरच्या प्रोस्टाग्लँडिनच्या ईपी३ ग्राहकांवर काम करून आतडं हलवतं.

माइसना १८ तास उपाशी ठेवा, पाणी मात्र कायम. आमच्याकडच्या उन्हात हा उपास प्राण्यांना जड जातो. प्राणीघराचं तापमान २२ अंशांच्या आसपास राहतं का, वीज गेली तर काय, हे आधी बघा. मी हे काम हिवाळ्यात लावायला सांगतो. गट असे: नुसतं वाहक द्रव (हा नियंत्रण गट), हगवण थांबवणारं लोपेरामाइड हे औषध, आणि अर्काच्या तीन मात्रा. गटवाटणी चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने. औषध दिल्यावर एका तासाने तोंडावाटे अर्धा मिलिलिटर एरंडेल. मग प्रत्येक प्राणी वेगळ्या पिंजऱ्यात, खाली पांढरा टिपकागद, दर तासाला नवा. चार तास बघायचं: पहिला पातळ जुलाब किती मिनिटांनी, एकूण लेंड्या किती, त्यातल्या ओल्या किती. ओली कोणती हे डोळ्यांवर सोडू नका. टिपकागदावर लेंडीभोवती ओलाव्याची कडा उमटते, ती उमटली तर ओली. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. ही अट पाळली नाही तर बाकी सगळी मेहनत संशयात येते.

रोध टक्क्यांत: नियंत्रण गटाची सरासरी वजा औषध गटाची सरासरी, भागिले नियंत्रण गटाची, गुणिले १००.

जुलाब कमी झाले, पण का? आतडं मंदावलं, की पाण्याचा स्राव घटला, की प्राणी नुसताच गुंगला? त्यासाठी आणखी दोन चाचण्या. कोळशाची: बाभळीच्या डिंकात कालवलेली कोळशाची पूड पाजून ३० मिनिटांनी लहान आतड्यात काळा रंग कुठवर पोचला ते मोजतात आणि आतड्याच्या पूर्ण लांबीशी त्याचं प्रमाण काढतात, तुलनेला ॲट्रोपिन हे आतडं मंदावणारं औषध. दुसरी स्रावाची: एरंडेलानंतर लहान आतड्यात साचलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. कारण आतडं थांबवणं नेहमी चांगलं नसतं. रक्त पडणाऱ्या आवेत जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडायला हवं असतं, तिथे लोपेरामाइडसारखं औषध अपाय करू शकतं. तुमचा अर्क फक्त हालचाल थांबवत असेल, तर "आवेवर उपयुक्त" हे वाक्य प्रबंधात येता कामा नये. स्राव कमी करत असेल, तर गोष्ट वेगळी आणि जास्त आशादायक.

लेंड्यांची संख्या हा मोजणीचा आकडा आहे, त्यात शून्यं पुष्कळ येतात. डोळे मिटून अनोव्हा (सरासऱ्यांची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी) लावू नका. वितरण बघा आणि गरज पडली तर क्रुस्कल-वॉलिस ही क्रमांकांवर चालणारी चाचणी वापरा. प्रत्येक प्राण्याचा आकडा आलेखात ठिपक्याने दाखवा.

परिणाम आलाच नाही तरी पूर्ण लिहा. झाडाची ओळख पक्की, अर्काची पट्टी हाताशी, मात्रेचा हिशेब दिलेला, अशा नकारात्मक निकालामुळे पुढच्या मुलांचं एक वर्ष वाचतं.

माणसांपर्यंत कधी?

प्रकल्पातला अर्क घरच्यांना, मित्रांना, ओळखीच्या रुग्णाला द्यायचा नाही. थोडासाही नाही. नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत आधी नोंद, याशिवाय माणसांवरची चाचणी होत नाही. नव्या अर्काला २०१९ चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम लागतात. आयुर्वेदाच्या मुलांसाठी वाट थोडी सोपी आहे: कुटजारिष्ट, कुटजघनवटी (कुटज म्हणजे कुडाच) यांसारखे शास्त्रोक्त कल्प रुग्णांना आधीच दिले जातात, त्यांचा निरीक्षणात्मक अभ्यास समितीच्या मंजुरीने करता येतो. मोजायचं काय हे आधी ठरवा: दिवसाकाठी शौचाची संख्या, शौचाचा घट्ट-पातळपणा ठरवणाऱ्या ब्रिस्टल मापनपट्टीवरचा प्रकार, हगवण थांबायला लागलेले तास, ओआरएस किती लागलं.

आणि कोणत्याही गटातून ओआरएस काढायचं नाही. हगवणीत माणूस पाणी आणि क्षार गेल्याने दगावतो. लहान मुलांना ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. तुमचा अर्क यावर भर म्हणूनच तपासला जाईल.

काम संपल्यावर उरलेली भरड आणि अर्क फेकू नका. घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. चिठ्ठीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, हर्बेरियमचा नमुना क्रमांक, साल काढल्याचं ठिकाण आणि महिना, द्रावक, उतारा आणि अर्क काढल्याची तारीख लिहा, पेन्सिलीने, कारण सांडलेल्या अल्कोहोलाने शाई पुसली जाते.